आठ-नऊ दिवस सॅक पाठीवर: रोजचा दिवस नेमका जातो कसा?

वेताळटेकडी (९ नोव्हेंबर, रात्री १०:४०)

मंडळी, डिसेंबरअखेर आम्ही तिघे सह्याद्रीतून, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावापासून भीमाशंकरपर्यंत चालायचं म्हणतोय. कळसूबाई, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई, हरिश्चंद्रगड, खिरेश्वर, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, अहुपे, भीमाशंकर. नऊ दिवस धरलेत, सुट्टी दहा मिळालीय. (साहेबांना 'घरात लग्न आहे' असं सांगितलंय, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया गप्प बसा.)

वाटांची माहिती नकोय, ती ढीगभर जमवलीय. माझा प्रश्न वेगळा आहे. दोन दिवसांचे ट्रेक पुष्कळ झाले. दोन दिवसांत माणूस काहीही खपवून घेतो. दात नाही घासले, चालतं. एकच टी-शर्ट, चालतो. रविवारी रात्री घरी येऊन बादलीभर गरम पाणी अंगावर घेतलं की विषय संपला. पण पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडल्यावर काय असतं? किती वाजता उठता, काय खाता, कपडे किती नेता, परसाकडचं कसं, कंटाळा येतो का? सगळं सांगा, लाजू नका.

खादाडबोका (९ नोव्हेंबर, रात्री ११:०२)

पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडल्यावर भूक असते. दुसरं काही नसतं.

सदाशिवपेठी (१० नोव्हेंबर, सकाळी ७:१५)

वास असतो. पण तो स्वतःला येत नाही, ही निसर्गाची कृपा.

घसारा (१० नोव्हेंबर, सकाळी ९:३०)

प्रश्न चांगला आहे, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही. सगळे सूर्योदयाचे फोटो टाकतात. त्या सूर्योदयाआधी पाऊण तास माणूस अंधारात गुडघ्यांवर बसून स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीत कोंबत असतो, त्याचा फोटो कुणाकडेच नाही.

मी आजवर असे चार लांबलचक रेंज ट्रेक केले, सर्वांत मोठा अकरा दिवसांचा. माझ्या मते माणूस चढाने थकत नाही, मांडामांडीने थकतो. रोज संध्याकाळी अख्खा संसार बाहेर काढायचा आणि रोज सकाळी परत आत भरायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत मजा येते. त्यानंतर सॅकचं तोंड उघडायचंसुद्धा जिवावर येतं. यावर उपाय एकच, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी. माझी हेडटॉर्च रात्री कायम डाव्या बुटात असते आणि पाण्याची बाटली उजव्या बुटाशेजारी. एकदा 'आज इथे ठेवू' म्हणून टॉर्च दुसरीकडे ठेवली, आणि काखेत कळसा गावाला वळसा. ती माझ्या गळ्यातच होती.

आमचा दिवस असा असतो. साडेपाचला उठायचं, चहा, सातच्या आत चालायला लागायचं. साडेनऊ-दहाला पाणी दिसेल तिथे पोटभर नाश्ता. बारा ते दोन सावलीत आडवं व्हायचं. आणि काहीही झालं तरी चारला मुक्कामी. डिसेंबरात सहाला सूर्य जातो. चारला पोचलात तर लाकडं, पाणी, कपडे वाळवणं, पाय धुणं हे सगळं उजेडात उरकतं. सहाला पोचलात तर तीच कामं टॉर्चच्या उजेडात, चिडचिड करत.

खादाडबोका (१० नोव्हेंबर, सकाळी ११:१०)

आधी पोटोबा. स्वतः रांधणार असाल तर कोरडा शिधा माणशी रोज ६०० ते ७०० ग्रॅम धरा. त्याहून कमी नेलात तर चौथ्या दिवशी एकमेकांच्या ताटात बघायला लागाल. वजन वाचवायचं तर तेलबिया न्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, तांदळात साडेतीनशेच्या आसपास. म्हणून माझ्याकडे कायम दाण्याचं कूट-गूळ असतो, चमच्याने खायला.

आमची ठरलेली यादी: पहिले दोन दिवस दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. दशमी दुधात भिजवलेली असली, पाण्याचा हात लागलेला नसला, तर थंडीत तिसऱ्या दिवशीही उत्तम. पुढे मुगाची खिचडी, मेतकूट-भात, पिठलं. सकाळी सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून, चूल पेटवायची गरज नाही. डाळ-तांदूळ-मसाला-मीठ घरीच एकेका वेळेचं मोजून पिशव्यांत भरा आणि वर मार्करने दिवस लिहा. नाहीतर पहिल्या तीन दिवसांत राजासारखं जेवता आणि शेवटी कोरडी मॅगी चावत बसता. हे अनुभवाचे बोल आहेत.

आणि पातेल्याला झाकण न्या! वाऱ्यात झाकणाशिवाय भात शिजत नाही. वरून कच्चा, खालून करपलेला. लोक वजन वाचवायला झाकण घरी ठेवतात आणि मग दुप्पट गॅस जाळतात.

सिएराकर (१० नोव्हेंबर, दुपारी १:२५)

हा धागा वाचून हेवा वाटतोय. मी कॅलिफोर्नियात असतो, जॉन म्यूर ट्रेल १९ दिवसांत केला. योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंत, साधारण ३४० किमी. तुमच्याकडे रोज निदान एक वाडी लागते, कुणीतरी 'कुठून आलात' विचारतं, चहा मिळतो. तिकडे दिवसेंदिवस वस्ती नाही. शिधा आधी प्लास्टिकच्या बादल्यांत भरून वाटेवरच्या ठिकाणी पोस्टाने पाठवून ठेवायचा आणि चालत जाऊन घ्यायचा.

वर अस्वलं. त्यामुळे सगळं खाणं एका जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवावं लागतं. डबा रिकामाच किलोभर वजनाचा. रात्री तो तंबूपासून लांब ठेवायचा. नुसतं खाणं नाही, टूथपेस्ट, साबण, व्हॅसलीन, वास येणारं सगळं त्यात. माझ्या डब्यात मेतकूट होतं. अस्वल आलं नाही, पण शेजारच्या तंबूतल्या सत्तरीच्या बाई 'हा वास कशाचा' म्हणून आल्या आणि दोन चमचे घेऊन गेल्या.

भुकेबद्दल बोका बरोबर बोलतोय, पण खरी भूक आठवड्याने लागते. पहिले दोन-तीन दिवस तर उंचीमुळे खावंसंच वाटत नव्हतं. दहाव्या दिवसानंतर आम्ही चालताना फक्त खाण्याबद्दल बोलत होतो. फॉरेस्टर खिंड, ४,००० मीटरच्या वर, आजूबाजूला अफाट देखावा, आणि आम्ही दोघं थालीपिठाला भोक एक पाडावं की पाच यावर वाद घालतोय.

खादाडबोका (१० नोव्हेंबर, दुपारी १:३१)

पाच. वाद कसला त्यात.

सदाशिवपेठी (१० नोव्हेंबर, दुपारी १:४०)

एक. मधोमध. पाच भोकं म्हणजे चाळणी.

वऱ्हाडी_ठेचा (१० नोव्हेंबर, दुपारी ३:०५)

राजेहो, मले एक समजत नाही. सुट्टी काढून, महागाचे बूट घेऊन लोकं रानात परसाकडे बसायले काहून जातेत? आमच्या आज्यानं जन्मभर हेच केलं, त्याले कोणी लाईक नाही देल्लं.

वेताळटेकडी (१० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०)

ठेचा, हसून हसून मेलो. पण विषय काढलाच आहेस तर कुणीतरी त्यावर नीट लिहा.

सिएराकर (१० नोव्हेंबर, रात्री ९:५०)

लिहितो. पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून निदान ६० मीटर लांब. वीतभर खोल खड्डा, म्हणजे १५ ते २० सेंमी. त्यासाठी छोटं खुरपं मिळतं, काहीच नसेल तर टोकदार दगड. नंतर मातीने बुजवायचं. कागद वापरलात तर तो पुरायचा नाही, पिशवीत घालून बरोबर आणायचा. आपलं पाणी वापरणं त्या मानाने बरंच सोपं, पण टमरेल धुवायला टाक्यावर जाऊ नका. गडांवर टाक्याच्या काठाला काय काय दिसतं ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील.

रानजाई (११ नोव्हेंबर, सकाळी ८:४५)

आता बायकांचं मी लिहिते, कारण धाग्यावर दिसतायत ते बहुतेक बाप्ये.

पहिलं, पाणी. ग्रुपमध्ये पुरुष जास्त असले की मुली आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच कमी पितात. मग दुपारी डोकं ठणकतं आणि सगळे म्हणतात, ऊन लागलं. मी आता पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगून टाकते, 'मी मागे थांबणार, तुम्ही वळणापुढे जाऊन थांबा.' दुसऱ्या वेळी सांगावं लागत नाही.

दुसरं, पाळी. सलग चालण्याने तारीख पुढेमागे होते, म्हणून 'या आठवड्यात नाही' यावर भरवसा ठेवू नये. मी मेन्स्ट्रुअल कप वापरते, पण तो आधी दोन-तीन महिने घरी वापरून बघा, डोंगरात पहिला प्रयोग नको. पॅड वापरत असाल तर पुरू नका, कोल्हे-कुत्री उकरतात. काळ्या जाड पिशवीत थोडी चहापूड टाका, वास दबतो, आणि पिशवी शहरात आणा. सॅकचा वरचा कप्पा त्यासाठीच राखून ठेवा.

तिसरं, मांड्या सोलवटणं. हे पुरुषांनाही होतं, ते फक्त सांगत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी बदकासारखे चालतात. रोज निघण्याआधी व्हॅसलीन.

घसारा (११ नोव्हेंबर, सकाळी ९:०२)

बदक हजर आहे. ताई, खरंय.

टाकळकर_बूटवाले (११ नोव्हेंबर, दुपारी १२:१५)

बूट कुठले घेताय? सह्याद्रीच्या कातळावर अ‍ॅक्शनच्या बुटांसारखी पकड कशालाच नाही. परदेशी बूट घेऊन आलेले लोक ओल्या कातळावर बसून उतरताना बघितलेत.

सिएराकर (११ नोव्हेंबर, दुपारी १२:४०)

पकड मान्य. पण नऊ दिवस, पाठीवर चौदा किलो, रोज सात-आठ तास? तळवा पातळ आहे हो त्याचा.

टाकळकर_बूटवाले (११ नोव्हेंबर, दुपारी १२:४४)

तळवा पातळ म्हणूनच दगड कळतो. आणि चौदा किलो नेतं कोण? आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर सॅक गेली की ती सॅक नाही, बिऱ्हाड.

(पुढच्या १७ प्रतिक्रिया बुटांवर होत्या, त्या बुटांच्या धाग्यावर हलवल्या आहेत. मूळ प्रश्नाकडे या. – संपादक)

प्रवरेकाठ (१२ नोव्हेंबर, रात्री ८:३०)

मी अकोले तालुक्यातला. इथं सगळं वाचलं, चांगलं लिहिता. आता आमच्या बाजूचंही ऐका.

ट्रेकर मंडळी रात्री नऊला दारात येतात, 'मावशी, पिठलं-भाकरी मिळेल का?' मावशी पहाटेपासून खाचरात राबून, चूल विझवून आडवी झालेली असते. ती नाही म्हणत नाही. उठते, चूल पेटवते, सात जणांच्या भाकऱ्या थापते. सकाळी हे विचारतात, 'किती द्यायचे?' ती म्हणते, 'द्या काय द्यायचं ते.' मग शंभराच्या दोन नोटा ठेवून, पाया पडून, फोटो काढून निघतात. पाया पडू नका, पण माणशी हिशेबानं पैसे द्या. ताटाचे वेगळे, ओसरीवर झोपलात त्याचे वेगळे. शहरात लॉजवाल्याला 'द्या काय द्यायचं ते' चालतं का?

पाण्याचं बघा. घरातला हंडा विहिरीवरून डोक्यावर आणलेला असतो. त्यात डोकं धुवायला बसू नका. पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटू नका, पुढच्या ग्रुपमागं ती पळत सुटतात. आणि येणार असाल तर आदल्या गावातून निरोप धाडा. कुमशेतला येणार असं साम्रद-रतनवाडीत बोललात तरी पोचतं, आमची माणसं एकमेकांकडं जात-येत असतात. माझी आत्या कुमशेतलाच दिलीय.

आणखी एक. 'घाटघर' म्हणताना नीट विचारा. एक घाटघर आमचं, भंडारदऱ्याच्या वर. दुसरं जुन्नरकडं, नाणेघाटाजवळ, जीवधनाखाली. गेल्या साली एकानं सामान देणाऱ्या मित्राला 'घाटघरला ये' म्हणून सांगितलं. मित्र शिधा घेऊन जुन्नरच्या घाटघरला, हे आमच्या घाटघरला उपाशी.

वेताळटेकडी (१२ नोव्हेंबर, रात्री ९:१०)

दादा, मनापासून आभार. दोनशे रुपये ठेवून निघणाऱ्यांत मीही होतो कधीतरी. आणि आमचाही सामानवाला मित्र आहे, त्याला आत्ताच फोन करून 'कुठलं घाटघर' विचारलं. तो म्हणाला, 'दोन आहेत?'

सातूशिवायनाही (१२ नोव्हेंबर, रात्री १०:००)

मला हे रोज गावात जेवणंच पटत नाही. मग तो ट्रेक कसला? स्वतःचं स्वतः रांधा, कुणाला त्रास नको.

प्रवरेकाठ (१२ नोव्हेंबर, रात्री १०:२०)

त्रास वेळेचा आहे, जेवणाचा नाही. वेळेत या, पैसे द्या, पोटभर जेवा. डोंगरात तेवढीच चार पैशांची आवक होते आमच्या बायांना.

नर्मदेहर_६२ (१३ नोव्हेंबर, पहाटे ५:०५)

नमस्कार. मी ट्रेकर नाही. निवृत्त झाल्यावर पायी नर्मदा परिक्रमा केली, साधारण २,६०० किमी. तिथे शिध्याचा प्रश्न कमी, काठच्या आश्रमांतून, घरांतून सदाव्रत, म्हणजे फुकट शिधा किंवा जेवण, मिळतं. 'नर्मदे हर' म्हटलं की कुणीतरी विचारतंच, बाबाजी, भोजन झालं का. त्यामुळे शिध्याबद्दल मी काय सांगणार.

पायांबद्दल सांगतो. मुक्कामी पोचलं की बसायच्या आधी पाय धुवायचे. एकदा टेकलात की उठवत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग खोबरेल चोळायचं, सावकाश, दोन्ही पायांना पाच-पाच मिनिटं. ते चोळताना बोटांना कळतं, कुठे गरम लागतंय, कुठे उद्या फोड येणार. तिथे रात्रीच चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावलेली पट्टी म्हणजे वरातीमागून घोडं. मी निघालो तेव्हा सॅकमध्ये सात किलो होतं. ओंकारेश्वरहून दहा दिवस चालल्यावर चार उरलं, बाकीचं वाटेत देऊन टाकलं.

कंटाळ्याचं विचारलंत. येतो. दुपारी अकरा ते तीन फार येतो. मी पावलं मोजत असे. हजार झाली की पुन्हा एकपासून.

रानजाई (१३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०)

काका, पाय चोळण्याचं लिहून घेतलंय.

कंटाळ्यापेक्षा भांडणाचं काय पण? माझा अनुभव, चौथ्या दिवशी भांडण होतंच. आणि कारण इतकं फालतू असतं की घरी सांगायची लाज वाटते. आमचं भांडण झालं ते एक जण चालताना शिट्टी वाजवायचा म्हणून. सकाळपासून एकच गाणं, तेही अर्धं.

घसारा (१३ नोव्हेंबर, सकाळी ९:४५)

आमचं गुळाच्या ढेपेवरून. कुणी मोठा तुकडा घेतला यावर. तिघंही पस्तिशी ओलांडलेले, पैकी एक बँकेत मॅनेजर.

वेताळटेकडी (११ जानेवारी, रात्री ११:१५)

धागा वर काढतोय. जाऊन आलो. पूर्ण झाला नाही, पण जे झालं ते सांगतो.

सहा दिवसांत खिरेश्वरपर्यंत व्यवस्थित. तिथे आमच्या एकाच्या टाचेचा फोड फुटला. त्याला काकांची तेलाची युक्ती रोज सांगत होतो, तो 'मला काही होत नाही' म्हणायचा. त्याला खुबी फाट्यावरून बसमध्ये बसवलं. आम्ही दोघं सातवा दिवस नुसते झोपून होतो. अमेरिकेत अशा न चालण्याच्या दिवसाला 'झीरो' म्हणतात म्हणे. पुढचे दोन दिवस चालून नाणेघाट गाठला, दगडी रांजणाशेजारी बसून उरलेलं सगळं दाण्याचं कूट संपवलं आणि जुन्नरवाल्या घाटघरातून घरी. ढाकोबा ते भीमाशंकर पुन्हा कधीतरी.

आता माझ्याच प्रश्नाचं उत्तर. पाचव्या दिवशी मी पाचनईला जागा झालो. सव्वापाच. बाहेर कडाक्याची थंडी, नाक गार पडलेलं. हाताला न शोधता टॉर्च मिळाली, डाव्या बुटात. मोज्यांची वाळलेली जोडी पोटाशी धरून झोपलो होतो, ती चढवली. चहा झाला, सॅक भरली, घड्याळ बघितलं तर सहा वाजायला दहा. पहिल्या दिवशी याच कामांना दीड तास लागला होता, आणि निघाल्यावर कळलं होतं की रेनकव्हर कळसूबाईच्या पायथ्याशीच राहिलं. त्या सकाळी मला एकदम वाटलं की आपल्याला हे येतंय. गड नाही, सॅक भरणं. आंघोळीची आठवणही तिसऱ्या दिवसानंतर झाली नाही. (सदाशिवपेठी, बायकोला मात्र दारातच झाली.)

कंटाळा आला. काकांसारखी पावलं मोजायला गेलो, चारशेच्या पुढे कधी टिकलो नाही. भांडण चौथ्या नाही, तिसऱ्याच दिवशी झालं. बोक्याने सांगितलं म्हणून पातेल्याचं झाकण नेलं होतं. कात्राबाई उतरून कुमशेतला आलो, जेवलो, माणशी हिशेबाने पैसे दिले, निघालो. संध्याकाळी पेठेच्या वाडीत भात टाकला तर झाकण नाही. ते कुणी भरायचं होतं यावर आम्ही अर्धा तास भांडलो. तोवर भात वरून कच्चा, खालून करपलेला. पुढचे सगळे दिवस ताटलीवर दगड ठेवून रांधलं.

आणि हो, साहेबांनी लग्नाचे फोटो मागितलेत. काय करू?

सदाशिवपेठी (१२ जानेवारी, सकाळी ७:०५)

दाढी वाढलेला, काळवंडलेला फोटो दाखव. सांग, मुलीकडचे होतो.

खादाडबोका (१२ जानेवारी, सकाळी १०:३०)

झाकण विसरलात! मला हे वाचवत नाही.

प्रवरेकाठ (१४ जानेवारी, रात्री ८:५०)

संक्रांतीला आत्याकडं गेलो होतो. झाकण सापडलं. ज्या घरी जेवलात तिथंच आहे, मधे काळी मूठ असलेलं, बरोबर ना? कोंबडीची पिलं निघालीत, त्यांना पाणी ठेवलंय त्यात. मावशी म्हणल्या, कुणाचं असंल तर घेऊन जा. आणू का?

वेताळटेकडी (१४ जानेवारी, रात्री ९:००)

राहू द्या दादा. पिलं किती आहेत?

प्रवरेकाठ (१४ जानेवारी, रात्री ९:०४)

अकरा.